देशमुखी गेली, देशमुख राहिले

हिंगोलीहून सेनगावकडे जाणाऱ्या एस.टी.त शेजारी बसलेल्या वृद्ध गृहस्थाने नाव विचारावे, 'देशमुख' हे आडनाव कानी पडताच किंचित सावरून बसावे आणि मग ओघानेच 'कुठले देशमुख?' असा दुसरा प्रश्न करावा, हा अनुभव या जिल्ह्यातील कोणाही देशमुखाला नवा नाही. त्या दुसऱ्या प्रश्नात मोठे शहाणपण साठलेले आहे असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. कारण नुसत्या 'देशमुख' या शब्दाने माणसाचे कूळ कळत नाही, जात कळत नाही, ऐपतही कळत नाही, हे त्या वृद्धाला पक्के ठाऊक असते. शहरात वाढलेल्या पिढीकडून हा दुसरा प्रश्न विचारला जाईनासा झाला, आणि त्याच्या रिकाम्या जागेवर या आडनावाविषयीचे नाना गैरसमज येऊन बसले.

सर्वांत ठळक गैरसमज असा की, देशमुख तेवढे एका रक्ताचे. शाळकरी मुलांच्या सामान्यज्ञानाच्या वहीत लोकहितवादी, चिंतामणराव, पंजाबराव, नानाजी आणि विलासराव ही नावे एकाखाली एक लिहिलेली असतात, आणि ती वाचताना मुलाच्या मनात नकळत एक विस्तीर्ण घराणे उभे राहते. वस्तुतः हे पाचही पुरुष पाच भिन्न कुळांतले होत. 1823 साली पुण्यात जन्मलेले, 'शतपत्रां'चे कर्ते लोकहितवादी, म्हणजेच गोपाळ हरी देशमुख, हे मूळचे सिधये, चित्पावन ब्राह्मण. घराण्याकडे देशमुखीचे वतन होते म्हणून सिधये हे नाव मागे पडले. 1896 साली रायगडाच्या परिसरातील नाते या गावी जन्मलेले आणि 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले चिंतामणराव हे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. अमरावती जिल्ह्यातील पापळचे पंजाबराव हे शेतकरी घराण्यातले, आणि त्यांच्या कुळाचे मूळ आडनाव कदम. लातूरजवळच्या बाभळगावचे विलासराव मराठा. आणि आपल्या हिंगोली जिल्ह्यातील कडोळीचे नानाजी, ज्यांचे खरे नाव चंडिकादास अमृतराव, ते देशस्थ ब्राह्मण. याच पंक्तीत सांगोल्यातून अकरा वेळा विधानसभेवर निवडून गेलेले गणपतराव देशमुख यांना बसवावे, तर ते धनगर समाजातले. कोकणात मुसलमान देशमुखांचीही घराणी आहेत. आणि घटना समितीच्या सदस्या दुर्गाबाई देशमुख यांचा तर जन्मच राजमहेंद्रीचा, मातृभाषा तेलुगू. 1953 साली चिंतामणरावांशी विवाह झाल्यावर हे आडनाव त्यांच्याकडे आले.

एवढी नामावळी वाचल्यावर 'देशमुख ही एक जात आहे' हा दुसरा समज आपोआपच गळून पडावा. परंतु तो गळत नाही, आणि त्याला कारणही आहे. वऱ्हाडात आणि त्याला लागून असलेल्या आपल्या भागात देशमुख म्हणविणाऱ्या शेतकरी घराण्यांनी सोयरीक शक्यतो देशमुखांतच करावी असा प्रघात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, आणि बाहेरून पाहणाराला ती एक स्वतंत्र ज्ञातीच भासू लागली. हा प्रघात प्रतिष्ठेचा होता, जातीचा नव्हे. दप्तरातील जुन्या नोंदी पाहणाराला हा भेद चांगला परिचयाचा असतो: जात कळायची ती जातीच्या नोंदीवरून, आडनावावरून नव्हे. मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत जातीच्या नोंदींसाठी निजामकालीन कागद धुंडाळण्याचे जे मोठे काम चालले आहे, त्याची आवश्यकता एरवी पडलीच नसती.

मग देशमुख म्हणजे कोण? येथे 'देश' या शब्दाने पुष्कळांची दिशाभूल होते. हा देश म्हणजे राष्ट्र नव्हे, राज्यही नव्हे. काही गावांचा मिळून जो परगणा होई, तोच त्या काळच्या रयतेचा देश, आणि त्याचा मुखिया तो देशमुख. गावात पाटील व कुलकर्णी, तसे परगण्यात देशमुख व देशपांडे. एकाकडे अधिकार, दुसऱ्याकडे लेखणी. दोघांना मिळून जुन्या कागदांत 'देशक' म्हटलेले आढळते. ओसाड पडलेल्या गावात कुळे आणून वसवावीत, पडीक जमीन लागवडीस आणवावी, सरकारातून कमाविसदार आला म्हणजे जमाबंदीच्या वेळी रयतेच्या बाजूने घासाघीस करावी, वसुलाची जबाबदारी शिरावर घ्यावी, प्रसंगी शिबंदी घेऊन बंदोबस्त करावा, आणि वतनाचा किंवा शिवेचा तंटा उत्पन्न झाला म्हणजे गोतसभेत बसून निवाड्यात साक्ष द्यावी, अशी त्याची कामे. या चाकरीबद्दल त्याला वसुलातला ठराविक हक्क, इनाम जमीन आणि सणासुदीचे मानपान मिळत. राजा बदलला तरी देशमुख सहसा बदलत नसे, कारण नव्या राजालाही शेत कोणाचे आणि शीव कोठे हे सांगणारा माणूस लागेच.

माझ्या लहानपणी आमच्या परिचयाच्या एका घरी दिवाळीच्या सुमारास माजघरातील पेटीतून लाल खारव्याचा एक रुमाल बाहेर निघे. त्याच्या गाठी सोडण्याचा अधिकार घरातल्या आजोबांचा. आत घोटीव, पिवळट, कडांना कसर लागलेले मोडी कागद; काहींच्या माथ्यावर फारशी मजकूर आणि काजळीने काळवंडलेला वाटोळा शिक्का. त्यांतला एक लांबलचक महजर, म्हणजे गोतसभेच्या निवाड्याचा कागद, ते गुंडाळी सोडून चटईवर पसरीत आणि आम्हां मुलांना त्याच्या शेवटाशी बसवीत, कारण अक्षर न येणाऱ्यांच्या निशाण्या तेथे होत्या: पाटलाचा नांगर, लोहाराची सांडशी, सुताराचे किंकरे. आजोबांचे बोट मात्र नेहमी एकाच ओळीवर जाऊन थांबे. त्या ओळीत देशमुख हा शब्द एकटा नव्हता. 'देशमुख परगणे' असे लिहून पुढे परगण्याचे नाव होते. फार वर्षांनी माझ्या ध्यानात आले की एस.टी.तला तो 'कुठले?' हा प्रश्न म्हणजे त्या पदवीचा हरवलेला उत्तरार्धच आहे. दप्तरात पद पूर्ण लिहिले जाई. आडनाव होताना त्यातला परगणा गळला आणि नुसते देशमुख उरले.

सगळ्याच वतनदारांनी हे पद आडनावात घेतले असेही नाही. सिंदखेडची देशमुखी जिजाबाईंच्या माहेरी होती, पण लखुजी जाधवच राहिले. रोहिडखोऱ्याचे देशमुख कान्होजी जेधे, हिरडस मावळचे बांदल, फलटणचे निंबाळकर, या सर्वांनी कुळाचे नाव सोडले नाही. उलट सिधये आणि कदम यांनी ते सोडले. कोकणात, कर्नाटकात आणि गुजरातेत जवळजवळ हेच पद देसाई या नावाने रूढ झाले. हा प्रकार केवळ आपल्याकडचा आहे असे मानण्याचेही कारण नाही. इंग्रजांत स्मिथ म्हणजे लोहार, आणि स्कॉटलंडच्या राजगृहाचा वंशपरंपरागत कारभारी जो 'स्टुअर्ड', त्याच्या वंशाला ते पदच आडनाव म्हणून चिकटून 1371 साली त्यातला एक पुरुष सिंहासनावर बसला, तेव्हापासून स्टुअर्ट हे राजवंशाचे नाव झाले. अर्थशास्त्राच्या ॲडम स्मिथला जगातल्या सर्व स्मिथांचा भाऊबंद कोणी समजत नाही. आपण मात्र देशमुखांच्या बाबतीत तो समज सुखाने बाळगतो.

आणखी एक समज अभिमानाने सांगितला जातो, तो असा की देशमुख्या शिवछत्रपतींनी वाटल्या. महाराजांविषयीच्या आदरापोटी असे बोलले जाते खरे, परंतु त्यांच्या धोरणाचे मर्मच त्यात हरवते. देशमुखी हे वतन त्यांच्या आधीचे. बहमनी आणि तिच्यामागून आलेल्या शाह्यांच्या काळात ते पुरते रुजलेले होते. महाराजांना या वतनदारांचा जाच रयतेला किती होतो हे मावळातच दिसले होते. सभासदाच्या बखरीत त्यांनी देशमुख-देशपांड्यांचे हक्क बांधून दिल्याचे, त्यांचे वाडे-हुडे पाडल्याचे आणि कोट बांधून राहण्यास मनाई केल्याचे वर्णन आहे. वतने व इनामे पुन्हा मोकळ्या हाताने दिली गेली ती राजाराम महाराजांच्या काळात, मोगलांशी जिवावरचा झगडा चालू असताना, माणसे आपल्या बाजूस राखण्याच्या निकडीतून. सरदेशमुखीची गोष्ट याहून निराळी. वसुलाच्या शेकडा दहा हा तो हक्क, सर्व देशमुखांचा शिरोमणी या नात्याने छत्रपतींनी स्वतःसाठी सांगितलेला, आणि दक्षिणेच्या सहा सुभ्यांपुरत्या त्याच्या सनदा 1719 साली मोगल दरबारातून मिळाल्या.

वतन हे विकता येई, गहाण टाकता येई आणि भावांत वाटताही येई, ही गोष्ट आज फारच थोड्यांना ठाऊक आहे. निम्मी देशमुखी विकल्याचे व्यवहार जुन्या कागदांत नमूद आहेत. तेव्हा आज देशमुख म्हणविणारे प्रत्येक घराणे मूळ वतनदाराच्याच औरस वंशातले असेल असे छातीठोकपणे सांगता येत नाही; आणि ज्या घराण्यात वतनाच्या वाटण्या चारपाच पिढ्या होत गेल्या, तेथे वडिलकीचा शिक्का एका भावाकडे आणि बाकीच्यांकडे केवळ नाव, अशी अवस्था यावी यात नवल नाही.

आपल्या भागात ही उतरण केव्हा सुरू झाली हेही सांगितले पाहिजे. पैनगंगेच्या पलीकडचा वऱ्हाड 1853 साली इंग्रजांच्या ताब्यात गेला, अलीकडचा मुलूख निजामाकडे राहिला, आणि एकाच सोयरिकीतल्या देशमुखांवर दोन निरनिराळी सरकारे आली. नदीच्या अलीकडच्या मुलखात निजामाचे दिवाण सालारजंग यांनी 1865च्या सुमारास जिल्हाबंदी करून पगारी तहसीलदार नेमले, आणि देशमुख-देशपांड्यांच्या हातून वसुलाचे काम काढून त्याबद्दल त्यांना रोकड 'रुसूम' बांधून दिली. अधिकार गेला तो त्या वेळीच. हैदराबादवरील पोलीस कारवाईनंतर 1949 साली जहागिरी खालसा झाल्या, आणि 1954च्या कायद्याने हैदराबाद राज्यातील इनामे व रोकड अनुदाने बरखास्त झाली. मुंबई राज्यात परगणा व कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा त्याआधी 1950 सालीच झाला होता. म्हणजे ज्या पदाचा आज इतका दबदबा कल्पिला जातो, त्यातला अधिकार मराठवाड्यात दीडशे वर्षांपूर्वीच संपला होता.

त्याच निजामी राज्याच्या तेलंगण भागात या शब्दाला निराळाच इतिहास घडला. तेथे देशमुख हे आडनाव झाले नाही, उपाधीच राहिली. विसनूरचे जे देशमुख 1946च्या शेतकरी उठावात कुप्रसिद्ध झाले, त्यांचे नाव रामचंद्र रेड्डी. तेलंगणातील हजारो एकरांच्या गढीवाल्या देशमुखांच्या कथा वाचून आपल्याकडचा प्रत्येक देशमुख तसाच असला पाहिजे, असे अनुमान काढणारे लोक मी पाहिले आहेत. एका राज्यातला, एकाच दप्तरी शब्द. पण गोदेच्या दोन टोकांना त्याचे दोन भिन्न अर्थ झाले, हे विसरून चालणार नाही.

श्रीमंतीच्या समजाला उत्तर म्हणून मला नानाजींच्या बालपणाहून सबळ पुरावा दुसरा दिसत नाही. 11 ऑक्टोबर 1916 रोजी सेनगाव तालुक्यातील कडोळीत जन्मलेल्या या मुलाचे मातृपितृछत्र लहानपणीच हरपले. मामाने वाढविले, आणि शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी त्याला भाजी विकावी लागली. पुढे शिक्षणासाठी तो राजस्थानात सीकर आणि पिलानीपर्यंत गेला. देशमुखीचा कोणताही हक्क त्याच्या कामी आला नाही. ज्यांनी पुढे गोंड्यात आणि चित्रकूटात ग्रामविकासाचे काम उभे केले, 1977 साली बलरामपूरहून लोकसभेवर निवडून येऊनही मंत्रिपद नाकारले, 1991 साली चित्रकूटला ग्रामोदय विश्वविद्यालय स्थापिले आणि 27 फेब्रुवारी 2010 रोजी देह ठेवल्यावर तो देहही वैद्यकशास्त्राच्या अभ्यासासाठी देऊन टाकला, त्या पुरुषाच्या चरित्रात वतनाला कोठे जागाच नाही. त्यांच्या राजकीय मतांशी कोणाचा मतभेद असू शकेल. कडोळीच्या त्या मुलाने स्वतःच्या श्रमाने जे मिळविले, ते आडनावाच्या खाती जमा करणे मात्र अन्यायाचे होईल.

त्यांच्याच बाबतीत एक छोटा घोळ नेहमी घातला जातो, तोही येथे निस्तरतो. कोठे त्यांचा जन्म हैदराबाद संस्थानात लिहिलेला असतो, कोठे परभणी जिल्ह्यात, कोठे हिंगोली जिल्ह्यात. आणि उत्तरेत तर त्यांना चित्रकूटचेच समजणारे पुष्कळ भेटतात. 1916 साली कडोळी निजामाच्या मुलखात परभणी जिल्ह्यात होती. 1 मे 1999 रोजी परभणीतून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा निघाला आणि कडोळी त्यात आली. पहिल्या तिन्ही नोंदी आपापल्या काळापुरत्या खऱ्या आहेत. 2019 साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले, त्या दिवसांत हिंगोलीच्या स्थानकावर कोणी वर्तमानपत्र उघडून 'देशमुख' हे नाव मोठ्याने वाचले असेल, तर ऐकणाऱ्या म्हाताऱ्याने आधी 'कुठले?' असेच विचारले असेल, आणि या खेपेस त्याचे उत्तर त्याच्याच जिल्ह्यातले होते.