कीबोर्ड घेताना मनगटाला विचारा

गेल्या महिन्यात बावीस वर्षांची एक मुलगी आईला घेऊन माझ्या दवाखान्यात आली. मूळची दौंडची, शिरूरला मामाकडे राहून टायपिंगच्या क्लासला जाते. उजवे मनगट तिने डाव्या हाताने धरले होते. आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हिच्या नसा कमजोर झाल्यात. एखादी ताकदीची सुई द्या. परीक्षा महिन्यावर आलीय." मुलीचा प्रश्न वेगळाच होता. "सर, क्लास सोडून देऊ का?"

क्लास सोड, असे सांगणे सोपे असते. पण लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेगाचे प्रमाणपत्र लागते, हे आपल्याकडच्या घराघरांत ठाऊक आहे. त्या प्रमाणपत्रावर कुणाची नोकरी अवलंबून असते, तर कुणाचे सारे घर. म्हणून आधी हात नीट तपासला.

बोटांना मुंग्या नव्हत्या, अंगठ्यात ताकद चांगली होती. दुखत होते ते कोपराखाली, हाताच्या वरच्या बाजूला. पंजा वर उचलायला लावला की कळ येई. ही नसांची कमजोरी नव्हे, स्नायूंवर आणि त्यांच्या दोऱ्यांवर पडलेला ताण होता. मी विचारले, "बाळ, घरी कशावर सराव करतेस?" घरी रोज दोन तास, नव्या कीबोर्डवर. "उद्या तो घेऊन ये," असे सांगितले.

कीबोर्ड दिसायला झकास होता. जाडजूड, बटणांखाली रंगीत दिवे आणि मागचे दोन्ही पाय उभे केलेले. तो टेबलावर ठेवून तिला टाइप करायला सांगितले. येणारी एस.टी. थांबवायला आपण हात दाखवतो, तसा तिचा पंजा मनगटापासून वर वळला होता. दुखण्याचे मूळ तिथेच होते.

वाचकहो, बोटे हलवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराच्या खाली असतात. तिथून दोऱ्या निघतात आणि मनगटाच्या अरुंद वाटेने बोटांपर्यंत जातात. मनगट सरळ असेल तर या दोऱ्या विनासायास सरकतात. ते वर किंवा बाजूला वाकले की घर्षण वाढते आणि स्नायू सतत ताठ राहतात.

तुम्ही म्हणाल, जुन्या टाइपरायटरवर तर याहून जास्त जोर लागायचा. खरे आहे. गोदरेजने १९५५ साली भारतीय टाइपरायटर बाजारात आणला, आणि पुढे कितीतरी वर्षे कचेऱ्यांतून ती खटखट ऐकू येत होती. पण त्या यंत्रावर ओळ संपली की हाताने दांडी सरकवावी लागे, पान संपले की कागद बदलावा लागे. त्या निमित्ताने हाताला आपोआप विसावा मिळे. संगणकावर तसे काही नाही. मनात आणले तर माणूस तासभर बोटे न उचलता बसतो.

मग कीबोर्ड कसा निवडावा?

पहिली गोष्ट उंची. कीबोर्ड पातळ आणि सपाट असावा. मागचे पाय असले तरी ते मिटूनच वापरावेत. त्यांनी बटणे थोडी नीट दिसतात, पण न पाहता टाइप करणाऱ्याला बटणे पाहायची कुठे असतात?

दुसरी गोष्ट बटणाचा दाब. बटण हलक्या दाबाने खाली जावे आणि अक्षर उमटल्याचे बोटाला कळावे. ते कळले नाही तर बोट तळापर्यंत आदळत राहते. फार कडक बटणे नकोत, आणि नुसता हात टेकला तरी उमटतील इतकी हलकीही नकोत.

तिसरी गोष्ट मापे. दोन शेजारच्या बटणांच्या मध्यांतले अंतर साधारण १९ मिलिमीटर असते. फार छोटे कीबोर्ड सरावाला घेऊ नयेत. एफ आणि जे या बटणांवरची उंच खूण बोटाला स्पष्ट लागली पाहिजे. मराठीच्या रेमिंग्टन पद्धतीत शिफ्टचे बटण वारंवार लागते, ते काम करंगळीचे. म्हणून दोन्ही बाजूंची शिफ्टची बटणे लांब असावीत, आणि डाव्या हाताच्या अक्षराला उजवी शिफ्ट वापरावी. मराठीसाठी वेगळा कीबोर्ड घ्यायची गरज नाही. अक्षरांची मांडणी संगणकातून बदलते.

चौथी गोष्ट माउस. उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांमुळे माउस लांब जातो आणि खांदा भरून येतो. पतसंस्थेत किंवा रांजणगाव, कुरकुंभच्या कारखान्यांत हिशेब करणाऱ्यांना ती बटणे हवीतच. इतरांना त्यांच्याविना चालते.

मधोमध दुभंगलेले महागडे कीबोर्डही मिळतात. काहींना त्यांचा आराम वाटतो. पण परीक्षेला साधाच कीबोर्ड समोर येणार, तेव्हा विद्यार्थ्यांनी सराव साध्यावरच करावा. दुकानदाराला खोक्यातून काढून द्यायला सांगा आणि बसून दहा मिनिटे टाइप करून पाहा. किंमत आणि दिवे पाहून घेऊ नका.

मात्र टेबल उंच असेल तर चांगला कीबोर्डही फुकट जातो. खांदे सैल, कोपर काटकोनात आणि मनगट सरळ, अशी बैठक हवी. टेबल उंच असेल तर खुर्चीवर घडी घातलेली सतरंजी ठेवा आणि पायांखाली पाट घ्या. मनगटाखालची उशी थांबल्यावर टेकायला आहे, टाइप करताना नव्हे. लॅपटॉपवर सराव करणाऱ्यांनी वेगळा कीबोर्ड जोडावा आणि लॅपटॉप पुस्तकांवर उंच ठेवावा, मान वाचते. दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन मिनिटे उठावे.

आता एक इशारा. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन रात्री झोपमोड होत असेल, हातातून कप निसटत असेल, किंवा मानेपासून हातात कळ येत असेल, तर कीबोर्ड बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. मनगटात नस दबली असण्याची शक्यता असते. मधुमेह, थायरॉईडचा विकार आणि गरोदरपण यांत हा त्रास अधिक दिसतो. तपासणी न करता ताकदीच्या सुया घेतल्याने दबलेली नस मोकळी होत नाही.

त्या मुलीला मी सुई दिली नाही. चार दिवस विश्रांती, मग मामाच्या जुन्या संगणकाचा सपाट कीबोर्ड, खुर्चीवर सतरंजी आणि अर्ध्या-अर्ध्या तासाचा सराव, एवढेच सांगितले. तीन आठवड्यांनी ती एकटीच आली. कळ जवळजवळ गेली होती. परीक्षा अजून व्हायची आहे, पण क्लास सुटलेला नाही. दिव्यांचा कीबोर्ड आता तिचा मामेभाऊ खेळायला वापरतो!