कोल्ह्याने लावलेली बाग

टुंड्राच्या करड्या माळावर मधेच एखादा हिरवागार उंचवटा दिसला, तर खाली आर्क्टिक कोल्ह्याचं बीळ असण्याची दाट शक्यता! कॅनडात हडसन उपसागराकाठी, चर्चिलजवळ मॅनिटोबा विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा बिळांची माती तपासली. 2016 मध्ये आकडे छापून आले: जूनमध्ये नत्र शेजारच्या मातीपेक्षा 71 टक्के जास्त, आणि झाडांना मिळणारं स्फुरद तर जवळपास 13 पट! ऑगस्टपर्यंत झाडोराही पावणेतीन पटींवर.

हे सगळं खत घरचंच. एका वेताला आठ-दहा पिल्लं, त्यांचं मलमूत्र, शिवाय लेमिंग आणि हंसांची उष्टी हाडं-पिसं. थंडीत कुजण्याची क्रिया मंद, त्यामुळे टुंड्राची माती एरवी उपाशीच. म्हणून फरक इतका उठून दिसतो. त्यात तीच बिळं पिढ्यानपिढ्या वापरात. आजूबाजूला जमिनीला चिकटलेली खुरटी झुडपं, आणि बिळावर मात्र उंच वाळूगवत नि विलो (आपल्या नदीकाठच्या वाळुंजाचे भाऊबंद).

तिकडे कुणी जाणार असाल, तर फोटो लांबूनच काढा. माणसाचा त्रास झाला की आई पिल्लं उचलून दुसऱ्या बिळात हलवू शकते.