ठाण्यातून घरी परतताना

१३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात कस्तुरबानगरच्या जमावाने अक्कू यादव या गुंडाला ठार केले. त्या जमावात बायका मोठ्या संख्येने होत्या. पुढे २०१४मध्ये खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. जमावाचा न्याय हा काही न्याय नव्हे. पण तक्रार करून आपण सुरक्षित होतो, हा विश्वासच त्या वस्तीत उरला नव्हता, हे विसरता येत नाही.

आता ज्याची भीती, तो गल्लीत नसून घरातच असेल तर? त्याच्याविरुद्ध वस्ती एक होत नाही. ती बाई एकटीच ठाण्यात जाते. अनेकदा तिथे एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद होते. अशा नोंदीवर मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. "नवरा-बायकोचे भांडण, घरीच मिटवा," असे सांगून तिला परत पाठवतात. ती जाणार कुठे? त्याच घरी. काल नवऱ्याला ठाण्याचा थोडा तरी धाक होता, आज तोही गेला.

वास्तविक कायदा इतका दुबळा नाही. नवऱ्याची किंवा सासरची क्रूरता हा १९८३पासून दखलपात्र गुन्हा आहे. पूर्वीचे कलम ४९८-अ, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ८५. शिवाय २६ ऑक्टोबर २००६ला कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा लागू झाला. तो धर्म विचारत नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या बहिणीलाही तितकाच लागू आहे. संरक्षण अधिकारी, मोफत वकील, कोर्टाचा संरक्षण आदेश यांची माहिती तिला देणे, हे त्या कायद्याने पोलिसांचे कर्तव्यच ठरवले आहे. नवऱ्याने आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

मात्र नुसती अटक म्हणजे सुरक्षितता नव्हे. जामिनावर सुटलेला नवरा आणखी चिडून घरी येऊ शकतो. म्हणून ठाण्यात पहिला प्रश्न हवा : "बाई, आज रात्री कुठे राहणार?" आणि दुसऱ्या दिवशी शिपायाने तिच्या दारी चौकशीला जायला हवे. पोलिस पुन्हा येतील, एवढे नवऱ्याला कळले तरी तिला रात्री डोळा लागेल.

आणि आपण शेजारी? भिंतीपलीकडचा आवाज ऐकून आपण रेडिओ मोठा करतो. कायद्याने संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही कळवू शकतो, आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर त्याची जबाबदारी येत नाही. १८१ आणि ११२ हे क्रमांक पाठ असू द्या.