मोपा की दाबोळी? विमानतळावरून हॉटेलपर्यंतची गाडी ठरवताना भाड्याच्या आधी विचारायच्या गोष्टी

बेळगाव : सांबरा विमानतळावरून देशातल्या शहरांना विमानं आहेत, पण परदेशातून थेट इथे उतरता येत नाही. त्यामुळे दुबई, मस्कत, दोह्याकडे कामाला असलेला बेळगाव, खानापूर, चंदगड भागातला माणूस सुट्टीवर येतो तो बऱ्याचदा गोव्यात उतरतो. ही विमानं पुष्कळदा रात्री किंवा पहाटे येतात. पावसाळ्यात चोर्ल्याचा घाट मध्यरात्री उतरायला-चढायला घरचे नको म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. मग ठरतं असं की रात्र पणजीत किंवा म्हापशात एखाद्या हॉटेलात काढायची, सकाळी कदंबची किंवा आपली लाल बस धरायची.

मधला जो टप्पा आहे, विमानतळ ते हॉटेल, तो सगळ्यात लहान असतो आणि सगळ्यात घाईत ठरवला जातो. "एअरपोर्टवरून पणजी, किती घेणार?" एवढा एक प्रश्न, समोरून एक आकडा, आणि फोन बंद. भांडणं बहुतेक इथूनच सुरू होतात. गाडीवाल्याच्या मनातला एअरपोर्ट आणि आपल्या मनातला एअरपोर्ट एकच असेल, याचीही खात्री नसते.

गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. दाबोळी जुना, वास्कोजवळचा, नौदलाच्या तळावरचा. मोपा म्हणजे पेडणे तालुक्यातला मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. तो जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. दोघांमध्ये रस्त्याने साठ किलोमीटरहून जास्त अंतर आहे. तिकिटावर दोन्हीकडे 'गोवा'च लिहिलेलं असतं, फरक फक्त तीन अक्षरांच्या कोडमध्ये. जी-ओ-आय म्हणजे दाबोळी, जी-ओ-एक्स म्हणजे मोपा. गाडीला फोन लावण्याआधी हे शेवटचं अक्षर बघा. "मागच्या वेळी दाबोळीला उतरलो होतो" हा पुरावा चालत नाही, कारण विमान कंपन्या जागा बदलतात. कतार एअरवेजने २०२४ मध्ये दाबोळी सोडून मोपा धरलं.

हॉटेल कुठे घ्यायचं तेही यावरच ठरवावं. मोपाहून म्हापसा वाटेतच लागतं, पणजी साधारण ३५ किलोमीटर. पर्वरीतल्या उन्नत मार्गाचं काम चालू असेपर्यंत तिथे किती वेळ जाईल ते दिवसा सांगता येत नाही, रात्री मात्र रस्ता मोकळा मिळतो. दाबोळीहून पणजी तीसच्या आत, आणि झुवारीवरचा नवा पूल झाल्यापासून पूर्वीसारखं कुठ्ठाळीला अडकून पडावं लागत नाही. मडगाव दाबोळीला जवळ आणि मोपाला लांब, जवळजवळ सगळा गोवा ओलांडून. मोपाला उतरणाऱ्यासाठी मडगावात खोली घेतली तर खोलीत वाचलेले पैसे गाडीत जातात.

रात्रीचे साडेबारा कुठल्या तारखेचे?

हा प्रश्न पोरकट वाटतो, पण सगळ्यात महागडी चूक इथेच होते. आपण बोलताना "शनिवारी रात्री साडेबाराचं विमान" म्हणतो. तिकिटावर तेच विमान रविवारच्या तारखेत असतं. गाडीवाला वहीत शनिवार लिहितो की रविवार, हे त्याच्या समजुतीवर. एक दिवस आधी गाडी येऊन उभी राहते आणि फोनवर फोन करते. किंवा खऱ्या रात्री कुणीच नसतं. उपाय सोपा आहे. वार बोलायचाच नाही. तारीख आणि चोवीस तासांच्या घड्याळाची वेळ लिहून पाठवायची. "१४ तारीख, ००.३५, म्हणजे १३ ची रात्र संपून" असं सरळ लिहावं. थोडं विचित्र दिसतं, दिसू दे.

हॉटेलच्या खोलीचं उलटं असतं. १४ तारखेला रात्री दोन वाजता पोहोचणाऱ्याला खोली १३ तारखेची लागते, कारण चेक-इन दुपारी बारा किंवा दोनला सुरू होतं. १४ ची खोली घेऊन पहाटे दारात उभं राहिलात तर दुपारपर्यंत लॉबीत बसा, नाहीतर आणखी एका दिवसाचे पैसे भरा. शिवाय हॉटेलला "रात्री दोनच्या सुमारास येतोय, खोली सोडू नका" असा निरोप देऊन ठेवावा. लहान हॉटेलात रात्री शटर ओढलेलं असतं आणि आत झोपलेल्या पोराला उठवायला ड्रायव्हरला हॉर्न वाजवत बसावं लागतं.

आता भाड्याकडे. गोव्याची टॅक्सी महाग, हे सगळेच म्हणतात. पण निव्वळ 'लूट' म्हणून विषय संपत नाही. मुंबई-बेंगळुरूसारखी ओला-उबर गोव्यात चालत नाही. टॅक्सी व्यावसायिकांचा त्याला जोरदार विरोध राहिला आहे. सरकारी आशीर्वादाने २०१८ पासून गोवा माइल्सचं ॲप आहे, विमानतळांवर टॅक्सीचे काउंटर आहेत, आणि स्वतंत्र गाडीवाले आहेत. रात्री एक वाजता तुम्हाला पणजीत सोडलेली गाडी बहुतेक वेळा रिकामी परतते. तो रिकामा फेरा तुमच्या भाड्यात धरलेला असतो. बोलताना ही गोष्ट माहीत असली की "पस्तीस किलोमीटरला एवढे?" या वादात वेळ जात नाही, त्याऐवजी त्या रकमेत काय काय धरलंय ते विचारता येतं.

आणि तेच खरं विचारायचं. समजा एकाने १,७०० रुपये सांगितले, दुसऱ्याने २,३००. पहिल्याकडे विमानाच्या वेळापत्रकातल्या वेळेपासून अर्धा तास थांबणं फुकट, पुढे तासाला २०० रुपये, पार्किंग वेगळं, रात्रीचे ३०० वेगळे. दुसऱ्याकडे सगळं धरून, आणि विमान प्रत्यक्ष उतरल्यापासून दीड तास थांबणार. आता विमान दीड तास उशिरा आलं आणि इमिग्रेशन, बॅगा, कस्टम्स करून माणूस बाहेर यायला आणखी एक तास लागला. पहिल्याचे झाले : १,७०० अधिक वेटिंगचे ४००, पार्किंगचे समजा १५०, रात्रीचे ३००. एकूण २,५५०. स्वस्त म्हणून घेतलेली गाडी अडीचशेने महाग पडली. आकडे इथे उदाहरणापुरते आहेत, हिशेबाची रीत मात्र नेहमीचीच. 'वेटिंग कधीपासून मोजणार' हा एक प्रश्न विचारला तरी निम्मं काम होतं. विमान पावसामुळे दुसऱ्या शहरात वळवलं तर काय, हेही पावसाळ्यात विचारून ठेवावं. चांगला गाडीवाला विमानाचा नंबर मागून घेतो आणि स्वतःच वेळ बघत राहतो. नंबर न विचारणाऱ्याबद्दल मला तरी शंका येते.

हॉटेलकडूनच गाडी मागवणं सोयीचं असतं, पत्ता चुकत नाही. पण ती गाडी बहुतेक बाहेरचीच असते आणि मध्ये हॉटेलचं कमिशन असतं. वृद्ध माणूस एकटा येणार असेल तर ते कमिशन द्यावं, माझं मत. एकटा तरुण, हातात एक बॅग आणि दिवसाचं विमान असेल तर विमानतळावरून कदंबची बस असते. तिच्या वेळा बघाव्यात आणि खासगी गाडीचा विचारच सोडावा. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, कार्निव्हल किंवा नोव्हेंबरमधला पणजीचा चित्रपट महोत्सव या काळात मात्र आधी ठरवल्याशिवाय उतरू नये.

बेळगावहूनच गाडी पाठवली तर?

पुष्कळ घरं हेच करतात. ओळखीचा ड्रायव्हर, आपली भाषा, थेट दारात. फक्त हिशेब नीट कळायला हवा. बाहेरगावच्या भाड्यात किलोमीटर गॅरेज ते गॅरेज धरतात आणि दिवसाला किमान अडीचशे किंवा तीनशे किलोमीटरचं भाडं लावतात, वर ड्रायव्हर बाटा. बेळगाव-मोपा जाऊन-येऊन साधारण तेवढ्यातच बसतं. पण बऱ्याच ठिकाणी 'दिवस' म्हणजे चोवीस तास नव्हे. रात्री बारा वाजले की दुसरा दिवस. गाडी संध्याकाळी सात वाजता निघाली, विमान साडेबाराला आलं, सकाळी सहाला घरी. अकरा तासांत दोन दिवस भरले. किलोमीटरला १३ रुपये आणि बाटा ४०० धरला तर एका दिवसाचे ४,३०० होतात, दोन दिवसांचे ८,६००. "चोवीस तासांचा दिवस धरणार का?" हे आधी ठरलं तर हा फरक वाचतो. दोन-तीन जण एकदम येणार असतील, सामान जास्त असेल, तर अशी गाडी परवडते. एका माणसासाठी पणजीत खोली, तिथली गाडी आणि सकाळची बस हे पुष्कळदा स्वस्त पडतं, आणि घाट उजेडात चढता येतो.

गाडी कुठलीही असो, पाटी बघा. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे भाड्याची टॅक्सी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने देतात ती. त्यात ड्रायव्हर बसवून आणली असेल तर काहीतरी गडबड आहे. हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं ही विजेवरची टॅक्सी. पांढरी पाटी म्हणजे घरगुती गाडी. "पाचशे कमी घेतो, गाडी भावाची आहे" असं सांगून येते ती हीच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे भाड्याने माणसं न्यायला परवाना लागतो. तपासणीत गाडी अडकली तर दंड मालकाला होईल, पण रात्री दीड वाजता बॅगा घेऊन रस्त्यावर तुम्ही उभे राहाल. त्याहून वाईट म्हणजे अपघात. घरगुती विम्यावरची गाडी भाड्याने चालत होती हे निघालं की विमा कंपनी अटींचा भंग झाला म्हणून दावा अडवते, आणि मग वर्षानुवर्षं ट्रिब्युनलच्या तारखा. वाचलेले पाचशे तिथे दिसतही नाहीत. गाडीचा नंबर आधी मागून एम-परिवहन ॲपवर टाकला तर गाडीचा वर्ग, विमा आणि फिटनेसच्या तारखा कळतात. दोन मिनिटांचं काम आहे.

केए पाटीची टॅक्सी गोव्यात नेताना अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे का, हेही विचारावं. २०२३ च्या नियमांप्रमाणे मिळणारा हा परवाना असला की राज्याच्या हद्दीवर वेगळा कर भरत थांबावं लागत नाही. अशा गाडीत प्रवाशांच्या नावांची यादी असावी लागते, म्हणून येणाऱ्याचं नाव आधीच ड्रायव्हरला पाठवावं. ठरवलेल्या भाड्याचा मेसेज जवळ असला की स्थानिक टॅक्सीवाल्यांनी "बाहेरची गाडी इथून प्रवासी उचलते" म्हणून हटकलं तर दाखवायला काहीतरी असतं.

आणखी एक अडचण विमान उतरल्यानंतर कळते. आखातातलं सिमकार्ड इथे चालेलच असं नाही, आणि विमानतळावरच्या वाय-फायला ओटीपी भारतीय नंबरवर येतो. ड्रायव्हर आत येऊ शकत नाही, हा बाहेर फोन करू शकत नाही; दोघं वीस पावलांवर उभे. म्हणून भेटण्याची जागा आणि पाटीवरचं नाव आधी ठरलेलं हवं, आणि घरातल्या कुणीतरी जागं राहायला हवं. ज्येष्ठांसाठी व्हीलचेअर मागितली असेल तर मदतनीस त्यांना बाहेरपर्यंत आणतो. त्याच्याच फोनवरून ड्रायव्हरला एक कॉल करायला सांगावं. ड्रायव्हरचा नंबर खिशातल्या कागदावर लिहिलेला असावा, बंद पडलेल्या मोबाइलमध्ये नव्हे.

गाडी ठरली की व्हॉट्सॲपवर एकच मेसेज पाठवा आणि समोरून 'ओके' घ्या. साधारण असा : "१४ तारीख, ००.३५, मोपा (दाबोळी नाही). विमान नंबर अमुक. प्रवासी दोन, मोठ्या बॅगा चार. सोडायचं ठिकाण पणजी, हॉटेल अमुक, मळ्यात. एकूण २,३००, पार्किंग, टोल, रात्रीचं भाडं धरून. विमान उतरल्यापासून दीड तास वेटिंग फुकट. गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा नंबर आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाठवा." बॅगांची संख्या लिहायला विसरू नका, सीएनजीच्या गाडीत डिकी टाकीनेच भरलेली असते. आणि हॉटेलचं नाव गावासकट लिहा, कारण एकाच नावाची हॉटेलं पणजीतही असतात आणि कळंगुटलाही.

आगाऊ पैसे थोडेच द्यावेत, तेही इंटरनेटवर सापडलेल्या पहिल्याच नंबरला नव्हे. हॉटेल किंवा टॅक्सी कंपनीच्या नावाने खोटे नंबर टाकून ठेवण्याचा प्रकार जुना झाला. "रिफंड पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका" असं कुणी म्हणालं की समजावं. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. गेलेच पैसे, तर लगेच १९३० वर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं कठीण.

कंपनीच्या खर्चाने येणाऱ्यांनी बिलाचंही आधीच विचारावं. वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या गाडीवाल्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, आणि नोंदणी नसताना त्याने स्वतःच्या बिलात जीएसटी लावता कामा नये. कर लावला असेल तर बिलावर जीएसटी क्रमांक हवा. ॲपवरून घेतलेल्या गाडीचा कर कंपनी भरते, तिथे बिल कंपनीचंच मागावं. विमानतळावरच्या प्रीपेड काउंटरवरून गाडी घेतलीत तर पावती गाडीत बसताना देऊ नका; हॉटेलच्या दारात सामान उतरल्यावर द्या, आणि त्याआधी तिचा फोटो काढून ठेवा.