मंदी, संसद आणि काकांचे बंद साचे

"संसदेत नुसता गोंधळ घालतात, दुसरं काय!" हे वाक्य होस्टेलच्या मेसमध्ये दिवसातून एकदा तरी ऐकू येतंच. टीव्हीवर बातम्या लागल्या की वरणाच्या बादलीसारखं हेही टेबलाटेबलावरून फिरतं. मी होस्टेलला होतो तेव्हा मीसुद्धा हेच म्हणायचो. पण २००९ च्या फेब्रुवारीत लोकसभेतल्या एका चर्चेने माझं मत थोडं बदललं. पूर्ण नाही, थोडंच. ती चर्चा काय होती आणि मंदीच्या काळात अशा चर्चेतून नेमकं काय घडतं, ते आज सांगायचं आहे. घाबरू नका, अर्थशास्त्राचा पेपर नाहीये!

आधी आमचं गाव. खारबाव म्हणजे वसई-दिवा मार्गावर वसईहून येताना भिवंडी रोडच्या आधीचं स्टेशन. आजूबाजूला भातशेती आणि पलीकडे भिवंडी, म्हणजे यंत्रमागांचं शहर. तिकडे यंत्रमागाला 'साचा' म्हणतात. माझे काका भिवंडीत साच्यांच्या एका कारखान्यात हिशेब बघायचे. धंदा समजायला सोपा आहे. व्यापारी सुताचे बीम देतो, कारखानदार मजुरीवर कापड विणून देतो. कामगाराला पगार कापडाच्या मीटरवर. साचा बंद, तर मीटर शून्य आणि पगारही शून्य. नोटीस नाही, राजीनामा नाही, आकडेवारीत नोंद नाही. माणूस बॅग भरतो आणि उत्तर प्रदेश, बिहार किंवा तेलंगणातल्या आपल्या गावी जातो.

१५ सप्टेंबर २००८ ला अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली. "तिकडची बँक बुडाली, आपल्याला काय?" असं आम्ही कॅन्टीनमध्ये म्हणालो. दिवाळीनंतर कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या कमी झाल्या, सीनियर्सच्या जॉइनिंगच्या तारखा पुढे गेल्या. आणि सुट्टीत घरी गेलो तर काका चक्क दुपारी ओट्यावर बसलेले! व्यापाऱ्याने माल उचलणं थांबवलं होतं, कारखाना आठवड्यातून तीनच दिवस चालत होता. परदेशातली मागणी आटली की निर्यातदार थांबतो, त्याच्यामागे व्यापारी, त्याच्यामागे साचा. हीच ती मंदी.

सरकारने काय केलं? ७ डिसेंबर २००८ ला पहिलं पॅकेज आलं. उत्पादन शुल्काच्या मुख्य दरांत ४ टक्के अंकांची कपात, योजनांवर २०,००० कोटींपर्यंत जादा खर्च, कापडासारख्या जास्त मनुष्यबळाच्या निर्यात उद्योगांना कर्जाच्या व्याजात २ टक्के सवलत. २ जानेवारी २००९ ला दुसरं पॅकेज. दरम्यान रिझर्व्ह बँकेने रेपो दर ९ टक्क्यांवरून जानेवारीपर्यंत ५.५ टक्क्यांवर आणला.

मग १६ फेब्रुवारीला प्रणव मुखर्जींनी हंगामी अर्थसंकल्प मांडला. ते परराष्ट्रमंत्री होते, अर्थखात्याचा भार त्यांच्याकडे जादा होता. निवडणूक तोंडावर होती. जाणाऱ्या सरकारने करांत मोठे बदल करायचे नाहीत, पुढच्या काही महिन्यांच्या खर्चापुरतं लेखानुदान घ्यायचं, असा संकेत. त्यामुळे त्या दिवशी करकपात नव्हती आणि उद्योगजगत नाराज झालं. त्यानंतर लोकसभेत चर्चा झाली. २४ फेब्रुवारीला चर्चेला उत्तर देताना मुखर्जींनी उत्पादन शुल्काचा सर्वसाधारण दर १० वरून ८ टक्के आणि सेवाकर १२ वरून १० टक्के करत असल्याचं जाहीर केलं. आधीची ४ टक्क्यांची कपातही ३१ मार्चनंतर चालू ठेवली. जे भाषणात नव्हतं ते उत्तरात आलं! बरोबर सहा दिवसांनी, २ मार्चला, निवडणुकीचं वेळापत्रक जाहीर झालं. आता ही चर्चेची ताकद म्हणायची की निवडणुकीची, ते तुम्हीच ठरवा. मला वाटतं, दोन्हीची.

इथे एक प्रश्न पडतो. मंत्री उभ्याउभ्या कर कसा कमी करू शकतो? राज्यघटनेच्या कलम २६५ नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कर लावता येत नाही. पण कायद्याने ठरलेल्या करातून सूट द्यायचा अधिकार १९४४ च्या उत्पादन शुल्क कायद्याने सरकारलाच दिला होता. त्यासाठी अधिसूचना पुरेशी. खर्चाचं मात्र तसं नाही. देशाच्या एकत्रित निधीतून एक रुपया काढायलाही संसदेची मंजुरी लागते, आणि वर्षाच्या मध्ये जादा पैसे हवे असतील तर पुरवणी मागण्या मांडाव्या लागतात. थोडक्यात काय, तर करसवलत झटपट आणि खर्च सावकाश. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन्हींचा टाइम कॉन्स्टंट वेगळा.

खासदारांच्या हातात काय असतं? एखाद्या खात्याच्या मागणीवर कपात सूचना देता येते. 'रक्कम कमी करून १ रुपया करा' म्हणजे तुमचं धोरणच अमान्य. '१०० रुपये कमी करा' म्हणजे एका विशिष्ट तक्रारीकडे लक्ष वेधणं. ठराविक रक्कम कमी करा म्हणजे उधळपट्टी थांबवा. अशी सूचना मंजूर झाली तर सरकारवर अविश्वास दाखवल्यासारखंच होतं. पण वेळ संपला की उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेशिवाय एकदम मताला टाकतात, त्याला 'गिलोटीन' म्हणतात. गोंधळात तास वाया जातात तेव्हा नुकसान होतं ते इथे. हजारो कोटींवर एकही प्रश्न विचारला जात नाही.

मंदीत विचारायचे प्रश्न मुळात तीन. पहिला, सरकारने खर्च वाढवायचा की हात आखडायचा? इथे आपली भूमिती श्रेणी कामाला येते. मजुराला १०० रुपये मिळाले आणि त्याने त्यातले ६० खर्च केले, दुकानदाराने त्या ६० मधले ३६ खर्च केले, असं चालू राहिलं तर बेरीज २५० होते. यालाच 'गुणक' म्हणतात. प्रत्यक्षात काही पैसा करात, काही आयातीत, काही जुनं कर्ज फेडण्यात गळतो, म्हणून आकडा बराच लहान येतो. पण गरिबाच्या हातातला रुपया जास्त फिरतो, हे तत्त्व खरं.

दुसरा प्रश्न, पैसा आणायचा कुठून? २००८-०९ साठी राजकोषीय तूट सकल उत्पादनाच्या २.५ टक्के ठरली होती, ती सुधारित अंदाजात ६ टक्के झाली. पण हे सगळं मंदीवरचं औषध होतं का? नाही. शेतकऱ्यांची सुमारे ६०,००० कोटींची कर्जमाफी मंदीच्या आधी, फेब्रुवारी २००८ मध्येच जाहीर झाली होती. सहावा वेतन आयोग, खत आणि इंधनावरचं अनुदान हेही त्यात होतं. चांगला विरोधक इथेच बोट ठेवतो: साहेब, औषधाचं बिल वेगळं दाखवा आणि जेवणाचं वेगळं.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. मदत पोचते कोणाला? हा प्रश्न मला काकांनी विचारला. मी पेपर वाचून ऐटीत सांगत होतो, शुल्क दोन टक्के कमी झालं म्हणून. काका म्हणाले, "अरे, त्या दोन टक्क्यांत आमचा एक तरी साचा फिरला का?" मी गप्प. नंतर शोधलं तेव्हा कळलं की २००४ पासून कापड विणणाऱ्याला उत्पादन शुल्क न भरण्याचा पर्यायच होता. जो कर आपण भरतच नाही, त्यातली कपात आपल्या काय कामाची? पहिल्या पॅकेजमध्ये यंत्रसामग्री सुधारण्याच्या योजनेच्या थकबाकीसाठी १,४०० कोटी होते, पण ते ज्यांनी कर्ज काढून नवी यंत्रं घेतली त्यांच्यासाठी. जुना साधा साचा चालवणाऱ्याला त्यातून काय मिळणार? हंगामी अर्थसंकल्पात ग्रामीण रोजगार हमीला ३०,१०० कोटी होते. ही कल्पना मूळ आपल्या महाराष्ट्राची, १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून मोठी झालेली. पण ती खेड्यासाठी. खारबावला ग्रामपंचायत, भिवंडीला महापालिका. मजूर भिवंडीत बेकार आणि हमी त्याच्या दूरच्या गावी!

म्हणजे धोरण चुकलं का? तसंही नाही. देशाची वाढ ९ टक्क्यांच्या आसपास होती ती त्या वर्षी ६.७ वर आली, पण अनेक देशांसारखी शून्याखाली गेली नाही. मागणी परतली तसे साचेही फिरले. मात्र सवलती काढून घ्यायला उशीर झाला, २००९ चा पाऊसही तुटला, आणि पुढे महागाई दहा टक्क्यांच्या पुढे गेली. औषध सुरू करण्याइतकीच ते थांबवण्याची चर्चाही व्हायला हवी होती.

आज चित्र बदललंय. २०१७ पासून जीएसटी आहे आणि त्याचे दर केंद्र व राज्यांच्या परिषदेत ठरतात. सप्टेंबर २०२५ मध्ये कृत्रिम धाग्याच्या सुतावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तो परिषदेच्या निर्णयाने. आता अर्थमंत्री २४ फेब्रुवारीसारखं उत्तर देऊन दर कापू शकत नाहीत. म्हणून सभागृहात प्रश्न विचारण्याचं महत्त्व उलट वाढलंय, कारण निर्णय होतो ती बैठक टीव्हीवर दिसत नाही.

तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी मेसमध्ये अर्थसंकल्पावरची चर्चा लागली तर लगेच चॅनेल बदलू नका. दहा मिनिटं ऐका आणि बोलणारा त्या तिसऱ्या प्रश्नावर येतोय का ते बघा. भाषणं बरीच होतात, पण आमच्या काकांचा साचा त्यात कोणी विचारतो का, मी अजून तेच शोधत असतो. एखाद्या भाषणात सापडतोही. त्या दिवशी वरण जरा बरं लागतं.