उबुंटू काढताना

विंडोजच्या शेजारी उबुंटू लिनक्स टाकून देणारे कॉलेजात, ऑफिसात, ओळखीपाळखीत कुठेही सापडतात. तेच उबुंटू नीट काढून देणारा मात्र शोधावा लागतो. टाकताना इन्स्टॉलर एकेक प्रश्न विचारत पुढे नेतो. काढण्यासाठी तसं काहीच नसतं. विंडोजमधल्या प्रोग्रॅमच्या यादीत उबुंटूचं नावसुद्धा दिसत नाही. मग लोक डिस्क मॅनेजमेंट उघडतात, अनोळखी पार्टिशनवर ‘डिलीट व्हॉल्यूम’ करतात आणि मशीन रीस्टार्ट केलं की काळ्या स्क्रीनवर नुसतं ‘ग्रब’ लिहून कर्सर लुकलुकत राहतो. ‘विंडोज उडालं’ म्हणून फोन येतो तो या टप्प्यावर. विंडोज जागेवरच असतं, एक फाइलही हललेली नसते. चुकलेला असतो तो फक्त क्रम.

माझ्या भाचीच्या लॅपटॉपवर आम्ही इंजिनिअरिंगच्या प्रॅक्टिकलसाठी उबुंटू टाकलं होतं. ५१२ जीबीची एसएसडी, त्यातले शंभर जीबी द्यायचे ठरलं. सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ केलं, तर जागा भरपूर रिकामी असूनही विंडोज जेमतेम तीस जीबी सोडायला तयार. कारण पेजफाइल आणि हायबरनेशनची फाइल ड्राइव्हच्या मधोमध बसलेल्या असतात आणि विंडोज चालू असताना त्या हलत नाहीत. हायबरनेशन बंद केलं, पेजफाइल तात्पुरती काढली, रीस्टार्ट केलं. मग शंभर जीबी मिळाले. हायबरनेशन गेलं की फास्ट स्टार्टअपही जातं, आणि ते जायलाच हवं. ते चालू असेल तर ‘शट डाउन’ करूनही विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपतं; अशा वेळी लिनक्समधून त्याच ड्राइव्हवर काही लिहिणं डेटाच्या जिवावर बेतू शकतं.

पुढचं सगळं सरळ झालं. फक्त दुपारी तीन वाजता विंडोजचं घड्याळ साडेनऊ दाखवू लागलं. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचतं, म्हणून आपल्याकडे हा फरक नेमका साडेपाच तासांचा पडतो. उबुंटूमध्ये एका ओळीची कमांड देऊन ते घड्याळ स्थानिक वेळेवर आणलं.

शेवटच्या वर्षी भाची म्हणाली, “मामा, आता काढून टाक, जागा पुरत नाही.”

उबुंटू एका जागी राहत नाही, तीन ठिकाणी पसरलेलं असतं. एक त्याचं स्वतःचं पार्टिशन, ते सगळ्यांना दिसतं. दुसरं ठिकाण ईएफआय सिस्टीम पार्टिशन. मशीननुसार शंभर ते काहीशे एमबीचा छोटासा तुकडा. त्यात मायक्रोसॉफ्टचं फोल्डर असतं आणि त्याच्याच शेजारी उबुंटूचं. तिसरं ठिकाण मदरबोर्डची मेमरी. आधी कोणाला उठवायचं ही यादी तिथे असते आणि इन्स्टॉल होताना उबुंटू तिच्यात पहिला नंबर लावतं. ग्रब म्हणजे मशीन चालू होताना उबुंटू की विंडोज हे विचारणारा प्रोग्रॅम. त्याची सुरुवातीची फाइल त्या छोट्या तुकड्यात, पण मेनू मात्र उबुंटूच्या मोठ्या पार्टिशनमध्ये. मोठं पार्टिशन आधी उडवलं की ग्रब नेहमीसारखा उठतो, मेनू शोधतो आणि न सापडल्यानं तिथेच थांबतो.

म्हणून काढताना मागून पुढे यायचं. पहिल्यांदा डेटा: विंडोजला उबुंटूचं पार्टिशन एरवी वाचता येत नाही, तेव्हा भाचीची प्रोजेक्टची फोल्डर उबुंटूमध्ये असतानाच पेनड्राइव्हवर घेतली. विंडोजच्या डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घेतली, कारण बूटच्या क्रमात बदल केला की मशीन ती मागू शकतं आणि त्या क्षणी ती हाताशी नसेल तर पुढचं सगळं अडतं. मग बायोसच्या सेटिंगमध्ये ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या नंबरवर आणून रीस्टार्ट केलं. लॅपटॉप ग्रब न दाखवता थेट विंडोजमध्ये गेला. ही खात्री पटल्याशिवाय मी डिलीटला हात लावत नाही, मग समोरचा कितीही घाईत असो.

मग डिस्क मॅनेजमेंट. तिथे उबुंटूच्या पार्टिशनला ना अक्षर ना नाव. ते ओळखायचं ते आकारावरून. रिकव्हरी आणि ईएफआय या पार्टिशननाही अक्षर नसतं, पण त्यांच्यावर तसं लिहिलेलं असतं. त्यांच्या वाटेला जायचं नाही. शंभर जीबीचं पार्टिशन डिलीट केलं आणि ‘अनअलोकेटेड’ची काळी पट्टी नेमकी सी ड्राइव्हला चिकटून आली, म्हणून ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’नं लगेच सामावली गेली. हीच जागा डी ड्राइव्हमधून काढली असती, तर सी आणि ही पट्टी यांच्यामध्ये डी आडवा आला असता आणि एक्स्टेंडचं बटण पुसटच राहिलं असतं.

पुष्कळ जण इथे थांबतात. पण बायोसच्या यादीत ‘उबुंटू’ अजून असतंच. भाडेकरू गेला तरी दारावरची पाटी राहावी तसं. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडला, ईएफआय पार्टिशनला तात्पुरतं एक अक्षर दिलं आणि आतलं फक्त उबुंटूचं फोल्डर उडवलं. यादीतली नोंद काही मशीन स्वतःहून पुसतात. या लॅपटॉपनं पुसली नाही, ती विंडोजची बीसीडीएडिट ही कमांड वापरून काढली.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ ज्यांच्यावर चढत नाही अशा मशीनवर आता पुष्कळ जण लिनक्स टाकून बघताहेत, आणि त्यांतले काही उद्या ते काढायलाही निघतील. डेस्कटॉप असेल तर माझा आग्रह दुसऱ्या एसएसडीचा. मात्र लिनक्स इन्स्टॉल करताना विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवा; नाहीतर इन्स्टॉलर ग्रबची फाइल नेऊन ठेवतो ती पुष्कळदा विंडोजच्याच ईएफआय पार्टिशनमध्ये.