सायकल आणि वजनाचा हिशेब

वजन कमी करायचे म्हणून घरातल्या कोणीतरी सायकल घेतली, पंधरा दिवस नेमाने चालवली, आणि वजनाचा काटा जागचा हलत नाही असे पाहून ती जिन्याखाली ठेवून दिली, असे तुम्ही पाहिले असेल. दोष कोणाचा? सायकलचा नाही आणि माणसाचाही नाही. चुकतो तो हिशेब. तो आज मांडून पाहू या.

अन्नातून आपल्याला ऊर्जा मिळते. ती किलोकॅलरीत मोजतात. मिळालेली ऊर्जा खर्चापेक्षा जास्त झाली, की उरलेली बहुतांशी चरबीच्या रूपाने साठते. अंगावरच्या १ किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा असते. आता समजा, ६५ किलो वजनाचा माणूस सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटर वेगाने सायकल चालवतो आहे. स्वस्थ बसून राहण्यापेक्षा त्याची तासाला साधारण २५० किलोकॅलरी ऊर्जा जास्त खर्च होते. ७,७०० ला २५० ने भागा. उत्तर येते सुमारे ३१. म्हणजे आहार न वाढवता रोज तासभर सायकल चालवली, तर १ किलो वजन उतरायला महिना लागेल. पंधरा दिवसांत उतरणार जेमतेम अर्धा किलो! तांब्याभर पाणी प्यायल्यानेही वजन तेवढे वाढते. मग काट्यावर फरक दिसणार कसा? आणि घरी येताना एक वडापाव व गोड चहा घेतला, तर त्या दिवसाची सारी कमाई तिथेच संपते.

सायकलला एवढी थोडी ऊर्जा का पुरते? चालताना प्रत्येक पावलाला शरीराचा भार थोडा वर उचलावा लागतो. सायकलवर तो भार बैठक पेलते आणि चाके घरंगळत पुढे जातात. म्हणून तेवढेच अंतर चालण्यापेक्षा निम्म्याहून कमी ऊर्जेत काटता येते. याच कारणाने जड शरीराच्या माणसाच्या गुडघ्यांवर ताण कमी पडतो आणि त्याला जास्त वेळ व्यायाम करता येतो.

पण काट्यावर न दिसणारे लाभ मोठे आहेत. पायडल मारताना मांड्यांचे मोठे स्नायू रक्तातील साखर ओढून घेऊन वापरतात. सरावाने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते. डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पुष्कळ लोक कामावर सायकलने जातात. तेथील सुमारे ३०,००० स्त्री-पुरुषांच्या पाहणीचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. सायकलने कामावर न जाणाऱ्यांचा मृत्युदर जाणाऱ्यांपेक्षा ३९ टक्के जास्त आढळला. धूम्रपान, इतर व्यायाम वगैरे गोष्टींचा प्रभाव हिशेबातून वगळल्यावरचा हा आकडा आहे. अर्थात, मुळात धडधाकट असलेले लोकच सायकल निवडत असतील, ही शंका अशा पाहणीत उरतेच. ती तुमच्याही मनात आली असेल, तर तुम्ही शास्त्रज्ञासारखा विचार करता आहात!

तुमचे वय वाढीचे आहे. उंचीबरोबर वजन वाढणारच. तेव्हा उपाशी राहून वजन घटवण्याच्या फंदात पडू नका. ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळेला सायकलने गेल्यास त्यातला बराच भाग जाता-येता होऊन जातो. मात्र सायकलवर हाडांना पुरेसे हादरे बसत नाहीत. हाडे बळकट होण्यासाठी खो-खो, दोरीवरच्या उड्या, धावणे हेही हवेच. बैठकीची उंची अशी ठेवा, की टाच पायडलवर ठेवल्यावर सर्वांत खालच्या स्थितीत पाय जवळजवळ सरळ होईल. सुरुवातीला बोलता येईल इतक्याच वेगाने चालवा. घरातील मोठ्या माणसांना हृदयविकार किंवा मधुमेह असेल, तर त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

आणि वजनकाट्याऐवजी एक प्रयोग करा. सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातच, मनगटावरची नाडी मिनिटभर मोजून वहीत लिहा. दोन-तीन महिने नियमाने सायकल चालवा आणि रोजच्या आकड्यांचा आलेख काढा. हळूहळू आलेख खाली उतरताना दिसला, तर समजा, की तेच काम तुमचे हृदय आता कमी ठोक्यांत करू लागले आहे.